माणूस कशाने माणूस? – वाचावीत अशी काही पुस्तकं

'ख्रिस्ती धर्म माणसाकडे कसं बघतो यावर तू बरंच वाचतेस म्हणे, मग एक यादी दे ना,' असं गेल्या वर्षभरात मला चार-पाच जणांनी सांगितलं. एका काकूंनी तर काळजीच्या सुरात 'तुझं काही ठरलंय का गं?' असंही विचारून घेतलं! नाही काकू, काहीही ठरलेलं नाही. यंदाही गणपती नेहमीसारखा बसेल, आणि माझे उकडीचे मोदकही नेहमीसारखेच फुटतील. वाचनाची गोष्ट वेगळी.

तर मंडळी, ही ती यादी. पण नुसती नावं एकाखाली एक लिहिली तर ती वाण्याची चिठ्ठी होईल. कुठलं पुस्तक कशासाठी हातात घेतलं, त्यातून काय मिळालं, कुठे अडलं, हे सांगितल्याशिवाय यादीला अर्थ नाही. आणि हे सगळं वाचायला एक कारण होतं. घरच्यांना ते माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते.

माझी आत्या सातारा जिल्ह्यात चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होती. तिची स्मरणशक्ती हा आमच्या घरात चेष्टेचा विषय होता. कुणाच्या लग्नात कुणी कुठल्या रंगाचा शालू नेसला होता, कुणाच्या बारशाला पेढे होते की बर्फी, सगळं तिला पाठ. हजेरीपट न उघडता ती हजेरी घ्यायची. आता स्मृतिभ्रंशाला सहा वर्षं होऊन गेली. ती मला ओळखत नाही. आतेभावाला ती कधी 'अण्णा' म्हणते, म्हणजे माझे आजोबा, तर कधी 'साहेब'. मागे एका कार्याच्या पंगतीत घरातलंच कुणीतरी म्हणालं, "आता ती आत्या राहिलीच नाही गं, नुसतं शरीर उरलंय. ओळखत नाही, बोलत नाही, मग जाऊन तरी काय करायचं?" बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, उलट डोळे भरून आले होते. पण ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. आत्या राहिली नसेल, तर दुपारी खुर्चीत बसून शेंगा सोलणारी ही बाई कोण?

आपल्याकडे या प्रश्नाला उत्तर नाही असं मुळीच नाही. शरीर हे वस्त्र, आतला आत्मा अबाधित, हे लहानपणापासून ऐकत आले आहे आणि अनेकांना त्याने खरंच धीर येतो. माझा प्रश्न जरा हट्टी होता. मला आत्माबित्मा नको होता, ही आत्या हवी होती: हिचा तो तिरका दात, खडूने कायमची खरखरीत झालेली बोटं, शिंक आली की दोनदाच येणारी शिंक. हे सगळं म्हणजे ती की हे सगळं सोडून ती? त्याच सुमारास वसईच्या एका मैत्रिणीने, जिच्या आजीलाही हाच आजार होता, मला एक इंग्रजी पुस्तक वाचायला दिलं. त्या पुस्तकाबद्दल शेवटी लिहिते, कारण ते नीट कळावं म्हणून मला मागे मागे जात बाकीची वाचावी लागली.

सुरुवात बायबलपासूनच करावी हे बरं. सगळं वाचायची गरज नाही. 'उत्पत्ती'ची पहिली तीन प्रकरणं आणि स्तोत्रसंहितेतलं आठवं स्तोत्र, एवढं एका बैठकीत होतं. मराठीत वाचायचं तर आपल्याकडे सोय उत्तम आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, आयुष्याची शेवटची वर्षं त्या कामात घातली आणि १९२२ मध्ये त्या गेल्या. अगदी आजच्या भाषेत हवं असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आहे. हे तेच वसईचे दिब्रिटो, २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ मध्ये ते गेले.

'उत्पत्ती'त माणसाची निर्मिती दोनदा येते. पहिल्या प्रकरणात देव माणसाला आपल्या प्रतिमेप्रमाणे घडवतो, स्त्री आणि पुरुष दोघांनाही. इथे 'प्रतिमा' या अर्थी जो हिब्रू शब्द आहे, 'सेलेम', तो बायबलमध्ये इतर ठिकाणी मूर्तीसाठीही वापरलेला आहे. त्या काळी इजिप्तमध्ये किंवा अश्शूरमध्ये देवाची प्रतिमा म्हणजे राजा. राजा सोडून बाकीचे राबणारे हात. अशा जगात कुणीतरी लिहून ठेवलं की देवाची प्रतिमा म्हणजे प्रत्येक माणूस. मेंढ्या राखणाराही, आणि त्याची बायकोसुद्धा! दुसऱ्या प्रकरणात सूर एकदम बदलतो. तिथे देव मातीचा माणूस करतो आणि त्याच्या नाकात श्वास फुंकतो. हिब्रूत 'अदामा' म्हणजे जमीन, तिच्यापासून झालेला तो 'आदाम'. तिसऱ्या प्रकरणात हाच माणूस देवाचं न ऐकता फळ खातो, आणि विचारल्यावर बायकोकडे बोट दाखवतो. (हा भाग वाचताना माझ्या नवऱ्याने विषय बदलला.)

मूर्ती, माती आणि बोट दाखवणं. पुढच्या दोन हजार वर्षांत ख्रिस्ती लेखकांनी माणसाबद्दल जे काही लिहिलं, ते या तिन्हीला एकत्र धरून ठेवायची खटपट आहे असं मला वाटतं. ज्याने एकच धरलं त्याचं कुठेतरी बिनसलं.

यानंतर चौथ्या शतकातला निस्साचा ग्रेगरी. कप्पदुकिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात हा बिशप होता. त्याचं 'माणसाच्या निर्मितीविषयी' हे पुस्तक आहेच, पण मी सुचवीन ती 'उपदेशक' या ग्रंथावरची त्याची प्रवचनं, त्यातही चौथं. मूळ ग्रंथातला राजा आपली श्रीमंती मोजताना घरं, मळे, बागा यांच्यासोबत दासदासींचाही हिशेब देतो. त्या एका ओळीवर ग्रेगरी असा काही भडकतो की वाचताना आपण सावरून बसतो. जो देवाच्या प्रतिमेत घडलाय त्याचा भाव तू कुठल्या बाजारात केलास, किती नाणी मोजलीस, विकणारा कोण होता, असे प्रश्नांवर प्रश्न. गुलामगिरी ही हवापाण्यासारखी स्वाभाविक मानली जाण्याचा तो काळ. गुलामांना दयेने वागवा असं सांगणारे पुष्कळ होते, पण माणसाची मालकी ही गोष्टच मुळात चूक, असं म्हणणारा आवाज त्या जुन्या जगात विरळाच. त्याची थोरली बहीण मॅक्रिना हिनेही आईचं मन वळवून घरातल्या दासींना बरोबरीने वागवायला लावलं होतं, हे ग्रेगरीनेच तिच्या चरित्रात लिहिलंय. म्हणजे प्रवचनाआधी घरात कृती झाली होती.

ख्रिस्ती जगाने ग्रेगरीचं किती ऐकलं? फारसं नाही. पुढे कित्येक शतकं बायबल हातात घेऊनच लोक गुलामांची जहाजं चालवत होते. हे विसरून ही पुस्तकं वाचू नयेत.

आता ऑगस्टीन. 'कन्फेशन्स' हे त्याचं आत्मनिवेदन साधारण ३९७ ते ४०० या काळातलं. ऑगस्टीन आजच्या अल्जीरियातला, ३५४ चा जन्म. पुस्तकाचे तेरा भाग आहेत. पहिल्या नऊत त्याची कहाणी येते, चोरलेल्या नासपतींपासून आईच्या मृत्यूपर्यंत. ती कादंबरीसारखी वाचता येते. दहाव्यात मात्र तो एकदम थांबतो आणि स्मृती म्हणजे काय याचा शोध घेऊ लागतो. स्मृतीची तो एका प्रचंड वाड्याशी तुलना करतो: दालनामागून दालनं, त्यांत रंग, वास, आवाज, गणितं, जुनी दुःखं सगळं ठेवलेलं, हाक मारली की काही लगेच पुढे येतं, काहीला शोधावं लागतं, काही न बोलावताच येतं. विसरलोय हे आपल्याला आठवतं ते कसं, असा एक भन्नाट प्रश्नही तो सोडवायला घेतो. हा भाग मी आत्याच्या घरी बसून वाचला आणि मला तो झेपेना. वाडाच पडत चालला असेल तर त्यात राहणाऱ्याचं काय?

ऑगस्टीनचा शोध मात्र वाड्यात संपत नाही. एवढा सगळा फिरून झाल्यावर तो म्हणतो की देव या स्मृतीच्याही पलीकडे आहे. आपण त्याला धरून ठेवलेलं नाही, त्याने आपल्याला धरलंय, असा त्याचा रोख. पहिल्या वाचनात हे नुसतं भक्तीचं बोलणं वाटतं. त्याचं वजन मला बऱ्याच उशिरा कळलं.

इथे एक धोक्याची पाटी लावते. सहाव्या शतकात बोएथियस नावाच्या विद्वानाने 'व्यक्ती' या शब्दाची व्याख्या केली, तिचा गाभा होता बुद्धी. बुद्धी हा ज्याचा स्वभाव, असा स्वतंत्र जीव म्हणजे व्यक्ती. पश्चिमेकडच्या चर्चने ती हजार वर्षं वापरली. पुढे सतराव्या शतकाच्या शेवटी जॉन लॉकने आणखी एक पाऊल टाकलं आणि कालचा मी व आजचा मी एकच, हे जाणीव आणि आठवण यांच्यावर ठरवलं. दोघेही ख्रिस्ती, दोघेही मोठे. बोएथियसच्या बाजूने एवढं म्हणता येतं की त्याला बुद्धीचा स्वभाव म्हणायचा होता, तिचा रोजचा वापर नव्हे. पण हे शब्द सैल होत होत आपल्यापर्यंत येतात तेव्हा त्यांचं काय होतं ते पंगतीत ऐकलेल्या त्या वाक्यात दिसतं. आठवत नाही, म्हणजे ती नाही. बोलणाऱ्याने लॉकचं नावही ऐकलेलं नसेल!

पास्कलचं 'पाँसे' मला याच कारणासाठी आवडतं. ते लॉकच्या थोडं आधीचं. पास्कल १६६२ मध्ये, चाळिशीही न गाठता वारला. नंतर त्याच्या कागदाच्या चिटोऱ्यांमधून हे पुस्तक १६७० मध्ये निघालं. त्यामुळे ते कुठूनही उघडून वाचता येतं, प्रवासात न्यायला उत्तम. माणूस वेतासारखा दुबळा, पण विचार करणारा, आणि त्याची सारी थोरवी त्या विचारात, हे त्याचं म्हणणं सगळ्यांना ठाऊक असतं. माणसाची थोरवी आणि त्याचं लाचारपण या दोन्ही गोष्टी तो एका दमात सांगतो. एवढंच वाचलं तर आत्याचा पुन्हा निकाल लागतो, कारण विचारच हरवत चाललाय. पण त्याच पुस्तकात दुसरीकडे तो तीन पायऱ्या मांडतो: शरीर, बुद्धी आणि प्रेम. सगळी शरीरं एकत्र केली तरी एका लहानशा विचाराची बरोबरी होत नाही, आणि सगळे विचार एकत्र केले तरी प्रेमाच्या एका हालचालीची बरोबरी होत नाही, असा त्याचा हिशेब. ज्याने हिशेबाचं यंत्र बनवलं, ज्याच्या बुद्धीपुढे युरोप थक्क झाला, त्याने बुद्धीला मधल्या पायरीवर बसवलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मधल्या पायरीलाच वरची मानलं तर काय होतं, ते विसाव्या शतकात जर्मनीत दिसलं. १९३९ पासून नाझी राजवटीने मनोरुग्ण, मतिमंद आणि अपंग माणसांना पद्धतशीर मारायला सुरुवात केली. ज्यांचं जगणं जगण्याच्या लायकीचं नाही असं ठरवलं गेलं, त्यांची यादी डॉक्टरांनी कागदावरून केली. ऑगस्ट १९४१ पर्यंत सत्तर हजारांवर माणसं मारली गेली होती. त्या महिन्याच्या ३ तारखेला म्युन्स्टरचा बिशप फॉन गालेन याने चर्चमध्ये उभं राहून हे उघड सांगितलं. माणूस उपयोगी आहे तोवरच त्याला जगायचा हक्क असेल, तर आपण सगळे म्हातारे झाल्यावर आपलं काय होणार, असा त्याचा सरळ सवाल होता. प्रवचनाच्या प्रती हातोहात देशभर गेल्या. त्या महिन्याच्या अखेरीस ती मोहीम अधिकृतपणे थांबली. पुढे छुप्या मार्गाने हत्या चालूच राहिल्या हेही खरं, आणि बहुतेक चर्चवाले गप्प बसले होते हेही खरं.

त्याच काळातला डीट्रिश बोनहोफर. हिटलरविरुद्धच्या कटात सामील असल्याबद्दल त्याला ९ एप्रिल १९४५ रोजी फासावर दिलं. त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या 'एथिक्स'मध्ये या हत्यांना सडेतोड उत्तर आहे. पण सगळ्यांनी वाचावं असं म्हणजे त्याची तुरुंगातली पत्रं आणि कागद. त्यात १९४४ मधली एक छोटी कविता आहे, 'मी कोण?' या नावाची. पहारेकऱ्यांना तो कोठडीतून बाहेर पडताना एखाद्या जमीनदारासारखा शांत, प्रसन्न दिसतो, आणि स्वतःला मात्र आतून पिंजऱ्यातल्या पाखरासारखा तडफडणारा, थकलेला. यातला खरा कोण? कविता याचा निवाडा करत नाही. मी कोण हे मला कळलं नाही तरी मी कुणाचा आहे हे माहीत आहे, अशा ठिकाणी ती जाऊन थांबते.

'कोण' या प्रश्नाला 'कुणाचा' हे उत्तर! आपल्या खेड्यात लहान पोराला अजूनही 'तू कुणाचा रे?' असंच विचारतात. नाव नंतर.

यानंतरचं पुस्तक अगदी लहान आहे, एका रविवारी संपेल. हेन्री नाउवेन हा डच धर्मगुरू. येल, हार्वर्ड अशा ठिकाणी शिकवलेला, पुस्तकं गाजलेली. १९८६ मध्ये ते सगळं सोडून तो कॅनडात टोरंटोजवळ, मतिमंद माणसं आणि त्यांचे सोबती एकत्र राहतात अशा 'लार्श' संस्थेच्या वस्तीत राहायला गेला. तिथे त्याच्याकडे अॅडम नावाच्या तरुणाचं काम आलं. अॅडमला बोलता येत नसे, आधाराशिवाय चालता येत नसे, फिट्स येत. त्याला उठवायचं, अंघोळ घालायची, दाढी करायची, कपडे घालून न्याहारी द्यायची, या सगळ्याला सकाळचे जवळजवळ दोन तास लागत. आधी नाउवेन घाबरला होता. मग ते दोन तास हीच त्याची दिवसातली सगळ्यात शांत वेळ झाली. अॅडम १९९६ च्या फेब्रुवारीत गेला, नाउवेन त्याच वर्षी सप्टेंबरात, आणि 'अॅडम' हे पुस्तक १९९७ मध्ये आलं. त्यात अॅडमचं चरित्र येशूच्या चरित्रासारखं मांडलंय: अज्ञातवास, कार्य, यातना, मृत्यू. बोलू न शकणाऱ्या माणसाचं कार्य! मला सुरुवातीला हे ओढूनताणून वाटलं. पण दोन तासांच्या अंघोळीचा तो तपशील वाचून मी आमच्या वहिनीकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. आत्याचे केस विंचरताना ती जे काही करते त्याला आम्ही 'सेवा' म्हणून मोकळे होतो. तिचंही त्या वेळात काहीतरी होत असतं.

इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. 'लार्श' ही संस्था १९६४ मध्ये ज्याँ व्हानिए यांनी फ्रान्समध्ये सुरू केली. दुबळ्या माणसाच्या प्रतिष्ठेवर त्यांनी लिहिलेली पुस्तकं जगभर वाचली गेली. २०१९ मध्ये ते गेले. संस्थेनेच करवून घेतलेल्या चौकशीचे निष्कर्ष २०२० मध्ये आणि पुढे २०२३ मध्ये जाहीर झाले, आणि आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी अनेक स्त्रियांचं लैंगिक शोषण केल्याचं त्यांतून समोर आलं. २०२३ च्या अहवालात अशा किमान पंचवीस स्त्रियांचा उल्लेख आहे. व्हानिएंचं पुस्तक म्हणून मी या यादीत ठेवलेलं नाही. काहींचं म्हणणं, लेखक वेगळा, लेखन वेगळं. मला ते इथे पटत नाही, कारण विषयच मुळी माणसाला कसं वागवावं हा आहे. संस्थेने स्वतःहून चौकशी करवून ते जगापुढे ठेवलं, हे मात्र नोंदवण्यासारखं आहे.

याच जोडीने वाचण्यासारखं एक जाडजूड पुस्तक आहे, राइनहोल्ड नीबर यांचं 'द नेचर अँड डेस्टिनी ऑफ मॅन'. एडिनबरोला १९३९ मध्ये, महायुद्ध सुरू होत असताना दिलेली ही व्याख्यानं. दोन खंड १९४१ आणि १९४३ मध्ये आले. नीबर म्हणतात की माणसातलं पाप हे त्याच्या खालच्या, जनावरी भागातून येतं असं समजू नका. ते बऱ्याचदा त्याच्या सर्वांत उंच जागेतून येतं. आपण मातीचे आहोत हे माणसाला सहन होत नाही, म्हणून तो स्वतःला मातीपेक्षा मोठा करायला बघतो, आणि चांगलं काम करणाऱ्याला तर हा मोह जास्तच. पहिल्या खंडाची भाषा जड आहे, रोज दहा पानं या हिशेबाने घ्यावं.

एवढं परदेशी झाल्यावर आपल्या घरचं पुस्तक. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' माहीत नाही असा मराठी वाचक विरळा. आपण ती विनोदासाठी, रेव्हरंड टिळकांच्या तऱ्हेवाईकपणासाठी वाचतो. पुन्हा एकदा 'माणूस म्हणजे कोण' हा प्रश्न मनात ठेवून वाचून बघा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई त्यानंतर पाच वर्षांनी. या मधल्या वर्षांत, कडक सोवळं पाळणारी ही बाई, कुणाच्या उपदेशावाचून, स्वतःशीच विचार करत करत या निष्कर्षाला येते की जात देवाने केलेली नाही. आणि मग कुणाच्याही हातचं खायला-प्यायला लागते. तिथे 'सेलेम' नाही की ग्रेगरी नाही. पण ज्या ठिकाणी ग्रेगरी प्रवचनातून पोचला, तिथेच ही नुकती लिहा-वाचायला शिकलेली बाई पाण्याच्या तांब्यावरून पोचली. ख्रिस्ती माणूसविचार मराठीत कसा दिसतो असं मला कुणी विचारलं, तर मी हेच पुस्तक पुढे करीन.

आता ते शेवटचं, मैत्रिणीने दिलेलं. जॉन स्विंटन यांचं 'डिमेन्शिया: लिव्हिंग इन द मेमरीज ऑफ गॉड', २०१२ मधलं. स्विंटन स्कॉटलंडमध्ये अॅबर्डीन विद्यापीठात धर्मशास्त्र शिकवतात, पण त्याआधी कित्येक वर्षं ते मनोरुग्णांची शुश्रूषा करणारे परिचारक होते. त्यामुळे हे हवेतलं लिखाण नाही. त्यांचं म्हणणं साधारण असं: या आजारात मेंदूचं नुकसान होतं हे खरं, पण माणूस 'नाहीसा' होतो तो बराचसा आजूबाजूच्यांमुळे. आपण त्याच्याशी बोलणं सोडतो, त्याच्यासमोर त्याच्याविषयी तिसऱ्यासारखं बोलतो, त्याच्या प्रत्येक वागण्याला रोगाचं नाव देतो, आणि मग म्हणतो, तो राहिला नाही. तो कोण हे त्याच्या एकट्याच्या डोक्यात साठवलेलं कधीच नव्हतं. आठव्या स्तोत्रातला कवी चंद्र-तारे बघून चकित होतो की एवढ्या पसाऱ्यात देवाला माणसाची आठवण कशी राहते. स्विंटन नेमकं हेच धरतात. माणसाने देवाला आठवण्यावर काही अवलंबून नाही, देव माणसाला आठवतो यावर आहे. आणि जे स्वतःला देवाचे म्हणवतात त्यांनी ती आठवण ठेवायची, प्रत्यक्ष हातापायांनी, भेटायला जाऊन.

ऑगस्टीनचं ते 'त्याने आपल्याला धरलंय' मला इथे कळलं. माझ्या हट्टी प्रश्नालाही इथेच थोडं उत्तर मिळालं. ख्रिस्ती श्रद्धेत शरीर टाकून आत्मा निघून गेला की काम झालं असं नसतं. तिथे शरीराच्या पुनरुत्थानाची आशा आहे, आणि उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच असतात. म्हणजे तिरका दातसुद्धा वगळायचा नाही. मी हे मानते का? देवाच्या बाबतीत माझं कुठलंच मत पक्कं नाही. पण आत्याची आठवण तिच्या एकटीच्या डोक्यात नव्हती, एवढं मला पटलंय. तिच्या हजेरीतली दीडदोनशे मुलं आज पन्नाशी-साठीची असतील. आम्ही भाचरं आहोत. तिने कुणाला बाराखडी, कुणाला पोहे करायला, मला सायकल शिकवली. ती विसरली तरी हे झालेलं आहे, आणि ते सांगायला आपण आहोत.

कुठून सुरुवात करायची ते आता सांगते. वेळ कमी असेल त्यांनी 'उत्पत्ती'ची तीन प्रकरणं आणि 'अॅडम' वाचावं. गोष्टीत रमणाऱ्यांनी 'स्मृतिचित्रे' आणि ऑगस्टीनचे पहिले नऊ भाग. वाद घालायला आवडणाऱ्या आमच्या दादासारख्यांनी नीबर. झोप न येणाऱ्यांनी पास्कल, दोन-दोन पानं.

स्विंटनचं पुस्तक मात्र मी कुणाला नेऊ देणार नाही. ते आतेभावाच्या घरी, आत्याच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवलंय. दुपारी चारनंतर ती जागी असते, वहिनी चहा ठेवते. ज्याला वाचायचं असेल त्याने तिथे बसून वाचावं. मोठ्याने वाचलं तर आणखी चांगलं. इंग्रजी आहे म्हणून काळजी करू नका, मधूनमधून ती शुद्धलेखन दुरुस्त केल्यासारखं बोट हलवते.